१९४९ च्या गाण्यांमागची नावे : राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयास खुले पत्र

प्रति,
माननीय संचालक,
राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ – राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, पुणे

विषय : १९४९ सालच्या हिंदी चित्रपटगीतांची गायक, वादक आणि संगीत संयोजकांसह स्वतंत्र नोंद करण्याबाबत

महोदय,

आमच्या घरी ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांची एक लाकडी पेटी आहे. ती माझ्या वडिलांची. चावीचा फोनो कधीच निकामी झाला, पण तबकड्या त्यांनी कापडात गुंडाळून जपल्या आणि त्यांच्या पश्चात त्या माझ्याकडे आल्या. त्यांपैकी एका तबकडीवर ‘महल’ या चित्रपटाचे नाव आहे आणि जिथे गायिकेचे नाव असायला हवे तिथे ‘कामिनी’ असे छापलेले आहे. ‘आएगा आनेवाला’ हे गाणे लता मंगेशकर यांनी गायले, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. परंतु ज्या तबकडीने ते गाणे घरोघरी पोहोचवले, तिच्यावर त्यांचे नाव नव्हते. नाव होते ते मधुबालाने रंगवलेल्या पात्राचे. त्यातही विलक्षण गोष्ट अशी की, चित्रपटाच्या कथेत कामिनी हेसुद्धा त्या मुलीचे खरे नाव नाही. ती माळ्याची मुलगी आशा, आणि कामिनी हे तिने घेतलेले सोंग. म्हणजे जिने गाणे गायले तिच्या जागी नटीचे नाव नाही, नटीच्या जागी पात्राचे नाही, तर पात्राने पांघरलेल्या खोट्या ओळखीचे नाव त्या लेबलावर आले.

गाणे रेडिओवर लागू लागल्यावर ही गायिका कोण, अशी विचारणा करणारी पत्रे श्रोत्यांनी पाठवली, रेडिओने रेकॉर्ड कंपनीकडे चौकशी केली आणि मग नाव जाहीर झाले, ही हकिकत लतादीदींच्या चाहत्यांना तोंडपाठ आहे. आम्ही ती नेहमी एका गायिकेच्या उदयाची कथा म्हणून सांगतो. मला मात्र ती नोंदींची कथा वाटते, आणि म्हणूनच हे पत्र मी आपल्याला लिहीत आहे. माझे मागणे एकच आहे. १९४९ या एका वर्षापासून सुरुवात करून हिंदी चित्रपटगीतांची स्वतंत्र, सर्वांना पाहता येईल अशी सूची आपल्या संस्थेने तयार करावी, आणि त्या सूचीत गाणे घडवणाऱ्या प्रत्येक माणसाच्या नावाला जागा असावी.

हेच वर्ष का, याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. फाळणीने हिंदी चित्रपटाचे सूर अक्षरशः दोन देशांत वाटले गेले होते. गायक-नट कुंदनलाल सैगल १९४७ च्या जानेवारीत वारले, त्याच वर्षी गायिका-अभिनेत्री नूरजहाँ पाकिस्तानात गेल्या, पुढच्या वर्षी गायिका-अभिनेत्री खुर्शीदही तिकडे गेल्या. ज्या मास्टर गुलाम हैदर यांनी १९४८ च्या ‘मजबूर’मध्ये लताला संधी दिली, तेही लाहोरला परतले. उलट दिशेने लाहोरचे निर्माते, वादक आणि संगीतकार मुंबईत आले. रूप शोरी यांचा ‘एक थी लडकी’ आणि त्यातले विनोद यांचे ‘लारा लप्पा’ हे त्याच स्थलांतराचे अपत्य. जुनी घडी मोडली होती, नवी बसायची होती, आणि अशा वेळी एकाच वर्षात ‘बरसात’, ‘महल’, ‘अंदाज’, ‘दुलारी’, ‘दिल्लगी’, ‘पतंगा’, ‘बडी बहन’, ‘लाहोर’, ‘बाजार’ हे चित्रपट आले. वीस वर्षांची लता त्यांतल्या कितीतरी चित्रपटांत आहे. नौशाद, खेमचंद प्रकाश, श्यामसुंदर, हुस्नलाल-भगतराम, विनोद, शंकर-जयकिशन अशा एकमेकांशी काडीचे साम्य नसलेल्या संगीतकारांकडे ती त्या वर्षी गात होती.

घडी अजून बसलेली नव्हती याचा सर्वांत चांगला पुरावा ‘अंदाज’ देतो. मेहबूब खान यांच्या या चित्रपटात दिलीपकुमार पियानोवर बसतो तेव्हा आवाज मुकेशचा येतो, आणि राज कपूरच्या तोंडी आवाज आहे तो महंमद रफीचा. पुढच्या काळात हीच जोडी नेमकी उलटी झाली आणि इतकी घट्ट झाली की, आज ‘अंदाज’ पाहणाऱ्या तरुण प्रेक्षकाला काहीतरी चुकल्यासारखे वाटते. त्याच ‘अंदाज’ने मुंबईच्या मरीन लाइन्स भागातले लिबर्टी चित्रपटगृह १९४९ मध्ये सुरू झाले. नायकाचा आवाज कोणता, नायिकेचा कोणता, हे ठरण्याच्या आधीचा हा क्षण आहे, आणि तो इतिहासात एकदाच येतो.

या वर्षाची कथा केवळ लताची म्हणून सांगण्याला माझा आदरपूर्वक विरोध आहे. ‘महल’मध्येच राजकुमारी यांची गाणी आहेत आणि ‘घबराके जो हम सर को टकराएँ’ हे गाणे खेमचंद प्रकाशांच्या उत्तम रचनांत मोडते. ‘बडी बहन’ हा सुरैयाचा चित्रपट आहे, आणि त्यातल्या ‘चुप चुप खडे हो’ या गाण्यात लताच्या बरोबरीने प्रेमलता गाते. या दुसऱ्या गायिकेचे नाव किती जणांना आठवते? ‘पतंगा’मधले ‘मेरे पिया गए रंगून’ शमशाद बेगम यांच्या खणखणीत आवाजाशिवाय कल्पनेतही येत नाही. जे पुढे टिकले त्यांच्याच नावावर सगळे वर्ष चढवायचे, ही सवय आम्हा रसिकांची आहे. संग्रहालयाने तरी ती लावून घेऊ नये.

‘मेरे पिया गए रंगून’चाच दाखला पुढे नेतो, कारण नावांचा गुंता त्यात फार चांगला दिसतो. त्या गाण्याचे संगीतकार सी. रामचंद्र आणि त्यातला पुरुषी आवाज चितळकर यांचा. ही दोन माणसे नव्हेत. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर चाल बांधताना एक नाव लावत आणि गाताना दुसरे. आम्हा मराठी माणसांना हे माहीत असते, कारण रामचंद्र, म्हणजे आमचे अण्णा, आमचेच होते. पण शंभर वर्षांनी एखाद्या संशोधकाने केवळ लेबलावरून सूची केली, तर तिच्यात दोन वेगळी माणसे उभी राहतील. विनोद हे संगीतकाराचे घेतलेले नाव, मूळ नाव एरिक रॉबर्ट्स. ‘कामिनी’ची गोष्ट वर आलीच आहे. छापलेले नाव जसेच्या तसे ठेवायचे आणि त्याच्या शेजारी खरे नाव जोडायचे, दोहोंपैकी एकही पुसायचे नाही, हे ग्रंथपालाला सवयीचे काम आहे. पुस्तकांच्या बाबतीत टोपणनावांसाठी ते रोज केले जाते. गाण्यांसाठी ते करायचे, एवढाच फरक.

आता मी अशा नावांकडे येतो, जी लेबलावर खोटीसुद्धा आली नाहीत. राज कपूर यांच्या ‘बरसात’ने शंकर-जयकिशन ही जोडी दिली, शैलेंद्र आणि हसरत जयपुरी हे गीतकार दिले, आणि त्या चित्रपटातील नायकाच्या एका हातात व्हायोलिन व दुसऱ्या हातावर नायिका ही प्रतिमा पुढे आर. के. फिल्म्सचे बोधचिन्ह झाली. देशातल्या कोट्यवधी प्रेक्षकांनी ते व्हायोलिन पडद्यावर पाहिले. ते वाजवणाऱ्याचे नाव तबकडीवर नाही. ‘अंदाज’मध्ये पियानो आहे; पियानोवादकाचे नाव तबकडीवर नाही. चित्रपटगीतांच्या लेबलावर वादकांची नावे घालण्याची तेव्हा पद्धतच नव्हती.

हे वादक कोण होते, याचे ढोबळ उत्तर गोव्यात आहे. पोर्तुगीज अमलातल्या गोव्यात चर्चच्या शाळांमधून मुलांना सोल्फेज (सा-रे-ग-म सारखे स्वरवाचन), स्टाफ नोटेशन (पाश्चात्त्य स्वरलिपी) आणि व्हायोलिन शिकवले जाई. तिथून ही मुले मुंबईच्या हॉटेलांत, नाचाच्या बँडमध्ये आणि मग चित्रपटांच्या वाद्यवृंदांत आली. आपल्या संगीतकारांकडे राग होते, लोकगीते होती, चालींचा अखंड झरा होता. पण तीस-चाळीस वादकांनी एकाच वेळी काय वाजवायचे हे कागदावर उतरवण्याची विद्या या मंडळींकडे होती. ‘अरेंजर’, म्हणजे संगीत संयोजक, हा शब्द म्युझिशियन लोकांत रूढ झाला तो त्यांच्यामुळे. साळसेतमधल्या माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस १९४३ च्या सुमारास मुंबईत आले, व्हायोलिनवादक आणि अरेंजर म्हणून नावारूपाला आले, आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतल्या प्यारेलाल यांचे गुरू झाले. आल्डोनाचे आंतोनियो झेवियर वाझ ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवत आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला पाश्चात्त्य ठेका त्यांच्या सोबतीने फुलला. पुढे सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना जे भव्य रूप दिले, ते तर सर्वश्रुत आहे. गोन्साल्विस यांचे नाव देशाला कळले ते १९७७ साली, ‘अमर अकबर अँथनी’मधल्या एका विनोदी गाण्याच्या धृपदातून. शिष्याने गुरूला दिलेली ती मानवंदना होती. ज्या माणसाने वर्षानुवर्षे गाण्यांची स्वरलिपी लिहिली, त्याचे नाव गाण्यात यायला त्याचा शिष्य स्वतः संगीतकार व्हावा लागला, ही गोष्ट मला अस्वस्थ करते.

गायकांचे नावही सहजासहजी रुजले नाही. फिल्मफेअर पुरस्कार १९५४ मध्ये सुरू झाले, त्यांत संगीतकाराला स्थान होते, गायकाला नव्हते. लतादीदींनी त्या समारंभात गाण्यास नकार दिला आणि १९५९ साली पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला. गायकांसाठी भांडणारे कोणीतरी होते. वादकांसाठी तेवढ्या वजनाचा माणूस उभा राहिला नाही.

महोदय, आपल्या संग्रहात चित्रपटांच्या रिळांबरोबर गाण्यांच्या चोपड्या, भित्तिपत्रके आणि तबकड्याही आहेत, याची मला जाणीव आहे. १९६४ साली संस्था सुरू झाली आणि पी. के. नायर यांच्यासारख्या माणसाने गावोगाव फिरून, फाळक्यांच्या कुटुंबीयांपासून भंगारवाल्यांपर्यंत सर्वांची दारे ठोठावून जे जमवले, त्याबद्दल माझ्यासारख्याने कृतज्ञच असले पाहिजे. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उरलेली नाही, पण त्यात कोणती गाणी होती हे आपण सांगू शकतो, ते कागदामुळे. चोपडी ही काही दुय्यम वस्तू नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगावे? कानपूरचे हरमंदिरसिंग ‘हमराज’ यांनी अशाच चोपड्या आणि तबकड्या धुंडाळून दशकवार ‘हिंदी फिल्म गीत कोश’ सिद्ध केला. एका नोकरदार माणसाने पदरमोड करून केलेले ते काम आज प्रत्येक अभ्यासकाच्या हाताशी असते. जे काम एका माणसाने केले, ते पुढे नेणे राष्ट्रीय संस्थेला अशक्य असेल असे मला वाटत नाही.

चित्रपट जतन केला म्हणजे त्यातले गाणे आपोआप जतन झाले, अशी समजूत असेल तर ती पुरेशी नाही, आणि याचे कारण तांत्रिक आहे. त्या काळी चित्रपटासाठी गाणे फिल्मच्या ध्वनिपट्टीवर मुद्रित होई आणि तबकडीसाठी ते पुष्कळदा पुन्हा, वेगळ्या वेळी गायले जाई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटे मावत, म्हणून अंतरे गळत, मधले म्युझिक पीस आखूड होत, लय थोडी चढे. म्हणजे एकाच गाण्याची दोन ध्वनिमुद्रणे आहेत, दोन्ही अस्सल आहेत, आणि एक ठेवून दुसरे टाकता येत नाही. त्यात आणखी भर पडली ती नंतरच्या हेळसांडीची. सेकंदाला २४ चौकटींनी चाललेला चित्रपट जेव्हा दूरदर्शनच्या २५ चौकटींच्या पद्धतीने उतरवला जातो, तेव्हा स्वर अर्ध्या सुराहून थोडा कमी चढतो. हार्मोनियम घेऊन बसणाऱ्या माणसाला हे लगेच कळते. गाणे ना धड या पट्टीत, ना त्या. इंटरनेटवर १९४९ ची जी गाणी आज फिरत आहेत, त्यांतली कितीतरी अशीच पट्टी सुटलेली आहेत, आणि खरखर काढण्याच्या नादात काहींमधला सारंगीचा गजही पुसला गेला आहे. ‘महल’चे गाणे मुद्रित होताना आवाज दुरून जवळ येतो असा भास हवा होता, म्हणून आपण खोलीच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आलो, असे लतादीदींनी सांगून ठेवले आहे. ती दहा-वीस पावलेसुद्धा त्या ध्वनिमुद्रणात आहेत. चुकीच्या वेगाने आणि घासूनपुसून घेतलेल्या प्रतीत ती ऐकू येणार नाहीत.

हक्कांची अडचण पुढे केली जाईल, म्हणून तेही बोलतो. ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षे राहतो; १९४९ च्या तबकड्यांपुरती ही मुदत २००९ अखेर संपली. शब्द आणि चाल यांचे हक्क निराळे आहेत, ते कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतात, आणि त्यांचा आदर राखलाच पाहिजे. परंतु मी प्रथम गाणी ऐकवायला सांगत नसून ती नोंदवायला सांगत आहे. लेबलाची प्रतिमा, चोपडीतली श्रेयनामावली, चित्रपटाच्या सुरुवातीच्या पाट्या आणि ठाऊक असलेली माणसे, एवढे लिहून ठेवण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नाही.

वादकांच्या बाबतीत मात्र कागद पुरणार नाही. त्या पिढीतले आता जवळजवळ कोणी नाही. त्यांची मुले-नातवंडे मुंबईत, वसईत, म्हापशात, मडगावात आहेत. त्यांच्या कपाटांत स्वरलिपीच्या वह्या, रेकॉर्डिंगच्या रोजनिश्या, मागे नावे लिहिलेले वाद्यवृंदांचे फोटो असतात. घर बदलताना किंवा जुनी इमारत पाडताना ते रद्दीत जाते. आपल्या संस्थेचा एखादा अधिकारी कोंकणी जाणणाऱ्या मदतनिसासह वर्षभर या घरांमध्ये गेला, तर जे हाती लागेल ते कोणत्याही रिळाइतके मोलाचे असेल. पुस्तकांच्या प्रती ग्रंथालयांना देण्यासाठी १९५४ पासून कायदा आहे. तबकड्यांना आणि या वह्यांना असे संरक्षण कधीच मिळाले नाही, त्यामुळे त्यांच्यामागे जाणे एवढाच मार्ग उरतो.

१९४९ शी आपल्या संस्थेचे आणखी एक नाते आहे आणि ते मला महत्त्वाचे वाटते. त्या वर्षी भारत सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. १९५१ च्या तिच्या अहवालाने चित्रपटांना अर्थसाहाय्य करणारी संस्था आणि चित्रपटकलेचे प्रशिक्षण देणारी संस्था असावी अशी शिफारस केली. त्यातून १९६० साली एकीकडे वित्त महामंडळ उभे राहिले, जे पुढे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले, आणि दुसरीकडे जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारात पुण्याची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. २०२२ साली संग्रहालयही त्याच महामंडळात आले. म्हणजे ज्या वर्षी ‘महल’ आणि ‘बरसात’ लागले, त्याच वर्षी आपल्या मातृसंस्थेचे बीज पेरले गेले होते. त्या वर्षाच्या गाण्यांची मोजदाद आपण करावी, ही अपेक्षा म्हणूनच अनाठायी नाही.

मी सांगलीचा. मास्टर दीनानाथांचे बिऱ्हाड आमच्याच गावात होते, आणि वडील ती तबकडी दाखवताना हे न चुकता सांगत. ‘आपल्या गावच्या मुलीचं नाव घातलं नाही यांनी’, असे म्हणून ते लेबलावरून बोट फिरवत. त्यांचा तो राग तेव्हा मला समजला नव्हता.

माझ्याकडील १९४९ सालच्या सर्व तबकड्या आणि चित्रपटगृहाबाहेर विकत मिळणाऱ्या गाण्यांच्या चोपड्या मी स्वखर्चाने पुण्यास आणून आपल्या स्वाधीन करण्यास तयार आहे. त्यांच्या मोबदल्यात काहीही नको. फक्त प्रत्येक गाण्याची नोंद मला अशी पाहायची आहे : चित्रपट, महल, संगीत, खेमचंद प्रकाश, गीत, नक्शब, गायिका, लता मंगेशकर, तबकडीवर छापलेले नाव, कामिनी, संगीत संयोजक आणि वादक... या शेवटच्या रकान्यात आज नावे भरता आली नाहीत, तरी तो रकाना नोंदीत असू द्यावा.

आपला विश्वासू,
एक श्रोता
सांगली